मांडूळ आणि लाट

काइटबोर्डिंग म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने, पायाखालच्या फळीवर उभे राहून पाणी कापत जाण्याचा खेळ होय. आणि ट्विन-टिप म्हणजे त्या खेळातील अशी फळी, की जिची दोन्ही टोके सारखी असल्यामुळे तिला पुढे आणि मागे हा भेदच ठाऊक नसतो. तिला मराठीत मांडूळ म्हणण्यास हरकत नसावी, कारण दोन तोंडांचा लोकसमज त्या बिचाऱ्या सापाच्या बाबतीत खोटा असला तरी फळीच्या बाबतीत खरा ठरतो; शिवाय दोहोंसाठी शहाणी माणसे अवाच्या सवा पैसे मोजतात.

फ्रान्समधील ब्रिटनीच्या लेगेन्यू बंधूंनी हवा भरून फुगवायच्या पतंगाचे पेटंट १९८४ मध्ये घेतले, आणि पुढे हवाईच्या माउई बेटावर हा खेळ लोकांच्या नजरेत भरला, तेव्हाच्या फळ्या सर्फबोर्डाच्या वळणाच्या, म्हणजे एकतोंडी होत्या. एकतोंडी फळीवर दिशा बदलताना पायांची अदलाबदल करावी लागते, आणि नवशिका नेमका तेव्हाच, किनाऱ्यावर ओळखीचे कोणी उभे असताना, पाण्यात पडतो. दुतोंडी फळीने ही नामुष्की टाळली. तिच्यावर माणूस आला तसाच परत जातो. एवढे सुख पदरी पडल्यावर त्याच फळीने लाटेवर मात्र एकतोंडीसारखे वागावे, असा हट्ट धरणाऱ्या ग्राहकासाठीच निवडीचे हे सारे शास्त्र निर्माण झाले आहे.

या हट्टाला लाटेची हरकत असते. लाट पाठीमागून ढकलू लागली आणि माणूस पतंगाच्या दिशेने धावू लागला, की संक्रांतीला पतंग उडवलेल्या कोणालाही कळेल अशी गोष्ट घडते : न मागता ढील मिळते. दोऱ्या सैल पडल्या तरी जाडजूड सर्फबोर्ड लाटेच्या जोरावर तरंगत राहतो; पातळ ट्विन-टिप मात्र ओढ संपताच बुडू लागते. म्हणून लाटांसाठी ती निवडताना प्रथम बाक पाहावा. सपाट जमिनीवर ठेवलेल्या फळीची टोके जेवढी वर उचललेली दिसतात, त्या बाकाला रॉकर म्हणतात. तो भरपूर असेल तर लाटेच्या उतारावर फळी नाक पाण्यात खुपसत नाही, परंतु तीच फळी वाऱ्याच्या तोंडाकडे तिरपी चढताना कुरकुरते आणि मालकाला वाळूतून, फळी काखेत मारून, पायी परत आणते. फार ताठ फळी खळबळत्या पाण्याचा प्रत्येक धक्का गुडघ्यांना कळवते, म्हणून थोडी लवचीक बरी. तळाची पाती, म्हणजे फिन, चार-पाच सेंटिमीटरची असली तर पकड मिळते, पण ती दोन्ही टोकांना असल्याने पुढची पाती वळताना आडवी येतात. लाटेत बूट टाळून पायपट्ट्या घ्याव्यात, कारण पडल्यावर पाय सुटणे हे शैलीपेक्षा महत्त्वाचे असते.

मॉरिशसच्या ल मॉर्न येथे या तडजोडीची परीक्षा होते. ५५६ मीटर उंचीच्या डोंगराच्या पायथ्याशी प्रवाळखडकांच्या आतले पाणी बरेचसे शांत आहे आणि खडकांपलीकडे ‘वन आय’ नावाची वेगवान लाट फुटते. आग्नेयेचा व्यापारी वारा साधारण मे ते ऑक्टोबर वाहतो, म्हणजे बेटावरील मराठी वंशाची कुटुंबे गणपती बसवतात तोही याच मोसमात. सत्तर-पंचाहत्तर किलोंचा ग्राहक आपली १३८ सेंटिमीटरची, भरपूर बाकाची, ‘दोन्हीकडे चालणारी’ फळी घेऊन आतल्या पाण्यात झोकात फिरतो, बाहेरच्या लाटेकडे अभ्यासू नजरेने पाहतो, आणि आज वारा जरा तिरपा आहे, असे जाहीर करतो.

सर्फबोर्ड विकत घेणे हा सरळ उपाय त्याला माहीत असतो. सुमारे १७५ सेंटिमीटरचा तो बोर्ड सहा फुटी पलंगाखाली जेमतेम मावतोही. परंतु तेथे आधीपासून एक लोखंडी ट्रंक असते, आणि ती हलवायची का, हा विषय घरात काढण्यापेक्षा ‘वन आय’ सोपी वाटते.