सिक्कीमहून मोठं, दोन मुंबयांएवढं

उजनीचं पाणी मागे पडलं आणि सोलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस सुरू झाला, तेव्हा गणिताच्या निवृत्त मास्तरांनी गाडीत जाहीर केलं, "आपण अभयारण्यात शिरलो." मेहुण्याने घाईघाईने दुर्बीण काढली. बराच वेळ शोधल्यावर त्याला एक म्हैस सापडली, आणि तिच्या मागे उसाची ट्रॉली.

मास्तर १९७९च्या हिशेबाने बोलत होते. त्या साली माळढोकासाठी जाहीर झालेलं अभयारण्य होतं ८,४९६ चौरस किलोमीटरचं. अख्खं सिक्कीम ७,०९६चं आहे. गोवा ३,७०२चा, म्हणजे दोन गोवे आत ठेवूनही वर जागा उरली असती. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतले करमाळा, माढा, मोहोळ, कर्जत, श्रीगोंदा असे तालुके या रेघेत आले. त्यांच्याबरोबर गावं आली, शाळा आल्या, विहिरी, पिठाच्या गिरण्या आणि एसटीचे थांबेही आले. जमीन विकायची, रस्ता करायचा, खडी फोडायची, काहीही म्हटलं की माळढोक आडवा. पक्षी मुळात लाजाळू, पण सातबाऱ्यावर त्याच्याइतकं ठाण मांडून कुणी बसलं नसेल. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१२च्या सुमारास अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. साधारण दोन मुंबया.

"किती टक्के घट?" मास्तरांनी विचारलं. गाडीत परीक्षेला पसरते तशी शांतता पसरली.

मेहुण्याने फोनवर बोटं चालवली आणि सांगितलं, "५९५ टक्के."

"शंभर टक्के घटलं की काही उरतच नाही," मास्तर म्हणाले. "५९५ टक्के घटवायचं तर वनखात्याला कर्नाटकाकडून जमीन उसनी आणावी लागेल." मग वही निघाली. ८,४९६ मधून १,२२२ गेले, राहिले ७,२७४. त्यांना जुन्या क्षेत्रफळाने भागायचं आणि शंभराने गुणायचं: ८५.६ टक्के. मेहुण्याने भागलं होतं नव्याने. त्याचा आकडा अगदीच वाया गेला नाही म्हणा. उद्या कुणाला अभयारण्य पूर्वीएवढं करायची लहर आली, तर वाढ करावी लागेल ती बरोबर ५९५ टक्क्यांची.

सोलापुरात हेच गणित रोख पैशांत भेटलं. माळढोक पाहायला जायचं होतं ते नान्नज तिथून बार्शी रस्त्यावर वीसेक किलोमीटर. जीपवाल्याने पंधराशे सांगितले आणि बाराशेवर आला. मास्तर खूश: वीस टक्के घट! गाडी चौकातून वळते न वळते तोच तो म्हणाला, "वेटिंग धरून पंधराशेच द्या की ओ."

"म्हणजे पंचवीस टक्के वाढ?"

"मघाशी वीसच सोडले, आता पंचवीस कशे मागीन?" जीपवाल्याला ते मनापासून लागलं. दोघेही खरं बोलत होते, आणि अशी भांडणं कधी मिटत नाहीत.

वाटेत मास्तरांनी आणखी एक काढलं. जुनं अभयारण्य चौरस आहे असं धरलं तर त्याची बाजू ९२ किलोमीटर, नव्याची ३५. म्हणजे क्षेत्रफळ ८५.६ टक्के घटलं तरी आरपार जाणाऱ्याचा रस्ता ६२ टक्केच घटतो. जीपवाल्याने आरशातून पाहिलं. डिझेल कुठल्या आकड्याने धरायचं, एवढंच त्याला हवं होतं.

नान्नज आलं ते द्राक्षांच्या मांडवांतून. सोनाका ही जात या गावची. मेहुण्याने पेटी घेतली आणि पक्षी पाहायला आलेली मंडळी आधी फळांवर तुटून पडली. माळढोकाची अडचणही इथेच होती. मीटरभर उंचीचा हा जड पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. त्याला लागतं खुरटं गवत आणि चहूकडे मोकळी नजर. ज्वारीच्या रानात तो वावरतो, मांडवाखाली आणि उसात त्याचं काय काम? ८५.६ हा आकडा ऐकून काळीज धसकतं खरं, पण कागदावरून गेलेल्या त्या ७,२७४ चौरस किलोमीटरमध्ये एसटीचे थांबेही होते. गवताळ माळ किती टक्के गेला हा निराळा भागाकार, आणि त्याचा छेद ठरवणं फार अवघड, कारण असा माळ आपल्याकडे वर्षानुवर्षं 'पडीक' म्हणून मोजला गेला. आता देशभरात मिळून रानात उरलेले माळढोक दीडशेच्या आसपास आहेत, त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला.

माळावरच्या टेहळणी मनोऱ्यावरून काळविटांचा कळप दिसला, चंडोल दिसले. माळढोक नाही.

"काल दिसला होता का?" मास्तरांनी वनमजुराला विचारलं.

"काल बी न्हाई."

"म्हणजे कालच्यापेक्षा घट शून्य टक्के!" मेहुणा उत्साहाने म्हणाला.

मास्तर तापले. काल शून्य म्हणजे छेदात शून्य. अशा ठिकाणी टक्केवारी निघतच नाही, शून्याने भागता येत नाही! का येत नाही, हे ते वनमजुराला जमिनीवर काटकीने लिहून समजावू लागले. खालून जीपवाल्याने हॉर्न दाबला. वेटिंग सुरू झालं होतं.