नवतप्यातला माळी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या गावात, गोंदियाजवळच्या नागऱ्यात, दुपारी बारानंतर दोनच गोष्टी हलताना दिसतात. एक म्हणजे उन्हाच्या झळा आणि दुसरे आमच्या शेजारचे गुरुजी. झळांचं समजू शकतं. २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणीत जातो, नऊ दिवसांचा नवतपा लागतो आणि गोंदियाचा पारा ४४-४५ अंशांची भाषा बोलू लागतो. गुरुजींचं तसं नाही. ते नोकरीतून निवृत्त झाले, काळजीतून अजून व्हायचे आहेत. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, हातात पाण्याची नळी धरून ते अंगणात उभे असतात, कारण जास्वंदीनं मान टाकली आहे.

जास्वंद भर दुपारी मान टाकणारच. मुळं ओढतात त्याहून जास्त पाणी पानांतून उडून जायला लागलं की झाड पानांवरची बारीक छिद्रं मिटून घेतं, पानं खाली सोडतं आणि उन्हाला कमीत कमी अंग दाखवतं. ऊन कललं की बहुधा आपलं आपण सावरतं. झाड खरंच तहानलेलं आहे का, हे पाहायची वेळ सकाळी सहाची. रात्रभराच्या विसाव्यानंतरही पानं कोमेजलेली असतील तर पाणी द्यावं. पण गुरुजींना हे सांगून उपयोग नाही. ‘म्हणजे डोळ्यांदेखत मरू द्यायचं काय?’ असा त्यांचा प्रश्न असतो आणि त्याला माणसाजवळ उत्तर नसतं.

उन्हात पानावर थेंब पडला की त्याचं भिंग होतं आणि पान जळतं, असं आपल्याकडे पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१० मध्ये हे तपासून पाहिलं. गुळगुळीत पानं काही जळली नाहीत. केसाळ पानांवर, जिथे थेंब लवेवर अधांतरी राहतो, तिथे मात्र डाग पडू शकतात असं निघालं. तेव्हा भिंगाच्या आरोपातून गुरुजी जवळजवळ निर्दोष सुटतात. पण बुडापेस्टवाल्यांनी आमच्या स्लॅबवरची काळी टाकी पाहिलेली नाही. दुपारी दोनला त्या टाकीतून, अंगणात तापत पडलेल्या नळीतून जे येतं, त्यात फक्त साखर आणि पत्ती घालायची राहिलेली असते.

मी स्वभावतः आळशी. बाकीच्या अकरा महिन्यांत हा दुर्गुण असतो. नवतप्यात त्याला बागकामाचं ज्ञान म्हणतात. या दिवसांत झाडाला कात्री लावू नये, कारण कोवळी फूट उन्हात करपते आणि सावलीतलं खोड उघडं पडतं. खत घालू नये, कारण कोरड्या मातीत क्षार साठले तर मुळांना पाणी घेणं आणखी जड जातं. कुंडी बदलू नये. थोडक्यात, खाटेवर पडून जे जे करता येतं ते सगळं करावं. हा शास्त्रार्थ मी घरात मांडला तेव्हा सौभाग्यवतींनी फक्त, ‘मग कुलरमध्ये पाणी तरी भरा’ एवढंच म्हटलं.

एक काम मात्र खाटेवरून होत नाही. माती झाकावी लागते. आमचा जिल्हा धानाचा, त्यामुळे तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, कुणाकडेही मिळतं. आळ्यात तणसाचा चांगला जाड थर दिला की ओल टिकते, माती तापत नाही. अडचण एकच, तणीस पसरल्याची बातमी झाडाच्या आधी गाईला लागते. शिवाय त्याला उधई, म्हणजे वाळवी, लागते. म्हणून मी राइस मिलमधलं तूस वापरतो. ते गाय खात नाही. वाऱ्यानं उडून ते आपल्याच ताटात येऊ नये म्हणून वरून पाण्याचा हलका शिपका मारला की झालं.

पाणी देण्याचा खरा धडा तर गावातच आहे. नागऱ्यात जुनं शिवमंदिर आहे. उन्हाळ्यात महादेवाच्या पिंडीवर गळती लावतात, म्हणजे बुडाला भोक पाडलेलं भांडं टांगतात आणि थेंब थेंब पाणी पडत राहतं, ही सगळीकडची जुनी चाल. काही घरी तुळशीवरही तशीच गळती असते. ठिबक सिंचनाचे पाइप बाजारात यायच्या कितीतरी आधी देवाला ठिबक मिळालं होतं. झाडाच्या नशिबी मात्र अजून बादली. ती एका दमात ओतली की निम्मं पाणी आळ्याबाहेर पळतं. मी लिंबाजवळ एक साधं भाजलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरलं आहे. माती कोरडी पडेल तसं ते पाझरतं. तोंडावर झाकण ठेवावं, नाहीतर डास बाग करतात.

बाकी मोगऱ्याला हे ऊन मानवतं. पाणी मिळालं की तो याच दिवसांत फुलतो. आणि गावाबाहेरच्या मोहाला तर कुणी लोटाभर पाणी घालत नाही. चैत्राच्या सुमारास फुलं टाकून मोकळा झालेला मोह ऐन तापात तांबूस कोवळी पानं मिरवत उभा असतो. त्याची मुळं कुठवर गेली आहेत ते त्याला ठाऊक. कुंडीतल्या जास्वंदीला ती सोय नाही, हे मला मान्य आहे.

पलीकडच्या घरची आजी रोज हे सगळं ओसरीवरून पाहते. ‘कायले पानी मारता जी गुरुजी, इतल्या उनात? झाड मुकं आहे म्हनून काई बोलत नाही.’ तिच्याकडे दोडक्याचं, कारल्याचं, कोहळ्याचं बी राखेत घोळून ठेवलेलं आहे. मांडवाच्या बल्ल्या भिंतीला टेकवून तयार. ७-८ जूनला मिरग लागेल, पण पहिली सर आली की ती लगेच बी टोचत नाही. ती सर पुष्कळदा फसवी असते. मोसमी पाऊस आमच्याकडे जूनच्या मध्यावर येतो, आणि तोही आपल्या मर्जीनं.

गुरुजींनी मात्र गुलाबाची कलमं आताच आणून ठेवली आहेत. परवा त्यांनी शेवटी आजीलाच विचारलं, ‘मग नेमकं कधी लावायचं?’

‘पान्याले इचारा जी, मले कायले इचारता?’

गुरुजींनी संध्याकाळी मोबाइलवर हवामान खात्याचा अंदाज काढला. त्यात ‘पूर्व विदर्भात तुरळक ठिकाणी’ असं होतं. नागरा तुरळक ठिकाणांत मोडतं की नाही, यावर आमची चर्चा रात्री दहापर्यंत चालली.