चौदा दिवसांचे विंग कमांडर

पेरू गेटजवळच्या तीनमजली इमारतीतले विंग कमांडर तुम्ही पाहिलेले असणारच. ते नाहीत तर त्यांच्यासारखे दुसरे कोणी. सदाशिव पेठेत तुटवडा नाही. हवाई दलाशी त्यांचा कागदोपत्री काहीही संबंध नाही. नोकरी सरकारी बँकेत झाली, निवृत्ती कर्ज विभागातून, आणि हा हुद्दा इमारतीतल्या पोरांनी बहाल केला. इमारतीला विंग एकच, त्यामुळे हुद्द्यावरून भांडण नाही. सकाळी दुधाची पिशवी घेऊन जिना चढताना ते खाली उतरणाऱ्याला भिंतीशी गाठतात आणि नमस्कार-चमत्कार गाळून थेट विचारतात, “मिराज घ्यावं की हॉर्नेट?”

नवखा माणूस इथे फसतो. तो म्हणतो, “कसलं मिराज, काका?” मग त्याची आठ चाळीसची बस जाते.

विमान अर्थातच कॉम्प्युटरवरचं. ‘डीसीएस वर्ल्ड’ नावाचा लढाऊ विमानांचा सिम्युलेटर फुकट उतरवून घेता येतो, पण त्याबरोबर विमानं दोनच मिळतात: रशियन सुखोई-२५टी आणि दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँगची बिनाशस्त्रांची आवृत्ती. बाकी प्रत्येक विमान वेगळं विकत घ्यायचं. चांगलंसं विमान ऐंशी डॉलरच्या घरात जातं, म्हणजे साधारण सात हजार रुपये. तेवढ्या पैशांत कॉकपिटमधलं जवळजवळ प्रत्येक बटण खरोखरीचं चालतं, आणि इंजिन कसं सुरू करायचं हे शिकण्यातच पहिले दोन दिवस जातात. सात हजार विंग कमांडरांना जड आहेत असं मुळीच नाही. पण उमेदीची सगळी वर्षं कर्ज विभागात घालवलेल्या माणसाच्या हातून तारण पाहिल्याशिवाय पैसे सुटत नाहीत.

आणि नेमकी इथेच कंपनीने घोडचूक करून ठेवली आहे. बहुतेक विमानं चौदा दिवस फुकट चालवून बघता येतात. चौदा दिवस झाले की विमान बंद. सहा महिन्यांनी तेच विमान पुन्हा चौदा दिवस फुकट. ही योजना आखणाऱ्याने सदाशिव पेठ पाहिलेली नव्हती. विंग कमांडरांनी पहिल्याच संध्याकाळी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला: चौदा गुणिले तेरा, एकशे ब्याऐंशी. तेरा विमानं ओळीने लावली, की तेरावं संपेपर्यंत पहिलं पुन्हा फुकट झालेलं असतं. जन्मभर आकाशात राहता येतं आणि दमडी सुटत नाही. कर्जवसुलीतही असा बिनतोड हिशेब आपल्याला जमला नव्हता, असं ते स्वतःच सांगतात.

तेव्हापासून त्यांच्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय दोन पंचांगं सांभाळतं. एकादशीच्या चौकटीत बारीक अक्षरांत ‘व्हायपर प्रारंभ, दु. १.१०’. संकष्टीला चंद्रोदयाच्या वेळेखाली ‘हॉर्नेट समाप्ती’. प्रारंभ नेहमी दुपारचाच, कारण एक ते चार या वेळात पेठेत कोणी कोणाची बेल वाजवत नाही आणि उड्डाणाला शांतता लागते. भिशीला आलेल्या एका बाईंनी ‘टॉमकॅट समाप्ती, बुधवार’ वाचून काकूंना हळूच विचारलं, “कुठलं औषध हो हे? चौदा दिवसांचा कोर्स का?” काकू म्हणाल्या, “हो, पण गुण येत नाही.”

टॉमकॅटचं प्रकरण काकूंच्या विशेष लक्षात आहे. त्या विमानात मागच्या सीटवर जेस्टर नावाचा संगणकी सोबती बसतो. तो रडार बघतो, शत्रू कुठे आहे ते सांगतो आणि वैमानिकाने घोळ घातला की बोलून दाखवतो. चौदा दिवस घरात हा अमेरिकन आवाज होता. पंधराव्या दिवशी काकूंना चुकल्यासारखं झालं. “निदान ह्यांना टोकणारं घरात आणखी कोणीतरी होतं,” असं त्या म्हणाल्या.

डोकं वळवलं की पडद्यावरचं कॉकपिटही वळावं यासाठी बाजारात महागडी उपकरणं मिळतात. विंग कमांडरांनी त्याऐवजी जुन्या वेबकॅमवर काम भागवणारं फुकट सॉफ्टवेअर शोधलं आणि शाळेच्या सहलीतली नातवाची टोपी घेऊन तिच्यावर तीन एलईडी दिवे बसवले. ही टोपी घालून ते एकदा कुरिअरवाल्यासाठी दार उघडायला गेले. त्या मुलाने सही न घेताच पाकीट ठेवलं आणि तो निघून गेला.

खरी अडचण पैशांची नाही, तत्त्वाची आहे, असं त्यांचं म्हणणं. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सगळी पृथ्वी आहे. लोहगावच्या धावपट्टीवरून उठून पर्वतीला वळसा घालता येतो; खालची घरं उपग्रहाची चित्रं पाहून संगणकाने अंदाजाने उभी केलेली, त्यामुळे स्वतःची इमारत शोधताना थोडी श्रद्धा लागते. २०२२ मध्ये ‘टॉप गन’च्या निमित्ताने तिथे सुपर हॉर्नेट चक्क फुकट मिळालं. पण त्या सिम्युलेटरमध्ये शस्त्रं चालतच नाहीत. उलट डीसीएसमध्ये क्षेपणास्त्रं आहेत, बाँब आहेत, पण नकाशे कॉकेशसचे, सीरियाचे, इराणच्या आखाताचे. जवळात जवळचा म्हणजे अफगाणिस्तानचा. “जिथे पुणं आहे तिथे क्षेपणास्त्र नाही आणि जिथे क्षेपणास्त्र आहे तिथे पुणं नाही,” हे वाक्य ते इतक्या खेदाने उच्चारतात, की ऐकणाऱ्याला क्षणभर हा राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न वाटतो.

देशाभिमानातून त्यांनी एकदा ‘इंडिया फॉक्स्ट एको’ या कंपनीचं विमान घ्यायचं जवळजवळ नक्की केलं होतं. नावात इंडिया आहे, पैसा देशात राहील. नंतर कळलं की कंपनी इटालियन आहे. कालनिर्णयावरची ती नोंद अजून खोडलेली दिसते.

मिराजचं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी बालाकोटवर गेलेली विमानं मिराज-२००० होती, म्हणून ते प्रथम क्रमांकावर. पण डीसीएसमधलं मिराज फ्रेंच हवाई दलाचं, आपलं सुधारित नव्हे. त्यातून ते बनवणाऱ्या चमूचा आणि डीसीएसच्या मालकांचा २०२४ मध्ये पैशांवरून जाहीर वाद झाला. हे कळल्यावर विंग कमांडर महिनाभर उडायचे थांबले आणि दोन्ही बाजूंची निवेदनं छापून घेऊन वाचू लागले. वाड्याच्या मालकाचा आणि पागडीच्या भाडेकरूचा दावा चालावा तसा हा दावा त्यांनी चवीने चघळला. निकाल त्यांनी केव्हाच दिला आहे. दोन्ही पक्षांना तो अजून कळलेला नाही.

आणि जेएफ-१७. चीनच्या चेंगडूत आणि पाकिस्तानच्या कामऱ्यात बनणारं हे विमानही डीसीएसमध्ये आहे, एका चिनी चमूने केलेलं. या विषयावर ते जिन्यात अवाक्षर काढत नाहीत. पण पावसाळ्यात एके दिवशी दुपारी सगळ्या खिडक्या लावलेल्या पाहून काकूंनी विचारलं, “अहो, एवढ्या उकाड्यात खिडक्या का लावल्यात?” उत्तर आलं, “अभ्यास चाललाय.” कालनिर्णयावर त्या चौदा दिवसांच्या सुरुवातीला ‘जे. एफ. (अभ्यास) प्रारंभ’ असं लिहिलेलं होतं. समाप्ती मात्र चार दिवस आधीच झाली. “चांगलं आहे,” एवढंच ते कसंनुसं म्हणाले.

त्यांना खरं हवं असतं सुखोई-३० एमकेआय, आणि ते डीसीएसमध्ये अधिकृतपणे कोणी विकत नाही. याचं दुःख समजण्यासाठी पुण्यात राहावं लागतं. हे विमान हवाई दलात दाखल झालं तेच मुळी लोहगावला, २७ सप्टेंबर २००२ रोजी. डॉ. अब्दुल कलाम राष्ट्रपती असताना २००६ मध्ये त्यात बसले, तेही लोहगावहून. २५ नोव्हेंबर २००९ रोजी प्रतिभाताई पाटील बसल्या, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, जी-सूट घालून. काकू हा दाखला राखून ठेवतात आणि विंग कमांडर अफगाणिस्तानात डोंगरावर आपटले की बाहेर काढतात. “ताईंनी या वयात खरं विमान उडवलं. तुम्हाला खोटं उतरवता येईना.”

विमान वरून गेलं की हातातला चहा खाली ठेवून ते गॅलरीत जातात. दिसत काहीच नाही, पेठेत आकाश फार अरुंद. पण कुठलं विमान ते आवाजावरून सांगतात, आणि सहसा चुकत नाहीत.

त्यांच्याकडे लॉजिटेकची जुनी जॉयस्टिक आहे. तिची मूठ पिळली की रडर वळतं, म्हणून पायांना काम नाही. मुलाने दोनदा रडर पेडल घेऊन देऊ केली, दोन्ही वेळा त्यांनी नको म्हटलं. कंजूषपणा म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिलं. खरं कारण काकूंना ठाऊक आहे. पदवीच्या वर्षी हे गृहस्थ झेलम एक्स्प्रेसने दिल्लीला आणि तिथून पुढे डेहराडूनला गेले होते, हवाई दलाच्या निवड मंडळासमोर. वैमानिक व्हायचं तर तिथे एक यांत्रिक चाचणी असे: समोरच्या पडद्यावर प्रकाशाचा ठिपका पळतो, हातात दांडा, पायांखाली पेडल, आणि दोन्ही मिळून ठिपका मध्यावर धरून ठेवायचा. हाताने साथ दिली. पायांनी नाही. ही चाचणी उमेदवाराला आयुष्यात एकदाच देता येते, हा हवाई दलाचा नियम आहे. सहा महिन्यांनी पुन्हा, असं तिथे नसतं. त्याच पावली ते परतले आणि पुढच्या वर्षी बँकेच्या परीक्षेला बसले.

त्या दिवसांत उत्तीर्ण झालेल्या मुलांपैकी पुष्कळजण मिग-२१ वर गेले. १९६३ मध्ये आलेलं, नाशिकजवळ ओझरला बनलेलं आणि शेकड्यांनी उडालेलं ते विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झालं. विंग कमांडरांनी तो कार्यक्रम टीव्हीवर उभं राहून पाहिला. आणि मग त्यांनी मिग-२१ विकत घेतलं. आयुष्यातलं एकमेव विकत घेतलेलं विमान. त्याच दिवशी नव्हे, वर्षअखेरच्या सेलपर्यंत थांबून. “भावना-बिवना काही नाही,” ते जिन्यात सांगत होते, “निम्म्या किमतीत होतं.” कालनिर्णयावर ‘मिग-२१ प्रारंभ’ आहे. त्या विमानाची चाकं उतरताना तासाला तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीला टेकतात, आणि विंग कमांडरांची बहुतेक वेळा मोडतात.

वाचकांपैकी कोणाकडे वापरात नसलेली रडर पेडल पडून असतील, तर ती पेरू गेटला आणून द्यावीत. भेट म्हणून देऊ नयेत, ती परत येतील. चौदा दिवस वापरून बघा, एवढंच म्हणावं.