स्टुडिओकाका

हल्ली बऱ्याच सोसायट्यांत एखादी बेडरूम अशी असते, की तिच्या दारावर ‘रेकॉर्डिंग चालू आहे’ असा कागद चिकटवलेला असतो आणि आत रेकॉर्डिंग सोडून बाकी सगळं चालू असतं. त्या खोलीचे मालक म्हणजे स्टुडिओकाका. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, तरुणपणी गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवलेला, आणि मुलगी शिकायला परगावी गेली त्याच संध्याकाळी तिची खोली ताब्यात घेतलेली. भिंतींवर गोधड्या, कपाटाच्या आरशावर चादर आणि मधोमध काका.

रेकॉर्डिंगच्या वेळी आधी पंखा बंद होतो. मग गॅसवरचा कुकर उतरतो. मग वरच्या मजल्यावर निरोप जातो की अर्धा तास खुर्ची सरकवू नका. मे महिन्याच्या भर दुपारी काका घामाने निथळत, श्वास रोखून पट्ट्यांवर बोटं ठेवतात. वास्तविक त्यांच्या कीबोर्डमधून संगणकात जाते ती एक यूएसबीची वायर. कोणती पट्टी कधी आणि किती जोरात दाबली, असलीच खबर तिच्यातून जाते. खोलीत माइकच नाही. खिडकीखालून नाशिक ढोल गेला तरी त्याचा एक ठोका ट्रॅकवर यायचा नाही. काकूंनी एकदा हे बोलून दाखवलं. “शिस्त म्हणून काही असतं की नाही?” काका म्हणाले. कुकर अजूनही उतरतोच.

काकांचं दुःख एकच : पियानो खरा वाटत नाही. “प्लॅस्टिक वाटतोय हो!” असं ते सुतक लागल्याच्या चेहऱ्याने सांगतात. गाणं लागलं की आपण गायक ओळखतो, काका वाद्याचं मॉडेल ओळखतात. १९८३ म्हटलं की साऱ्या देशाला लॉर्ड्सवरचा कपिल देव आठवतो. काकांना त्या साली आलेला यामाहाचा डीएक्स-सेव्हन आठवतो. त्यानंतरचं थोर साल १९८८, कारण कॉर्गचा एम-वन. त्यांच्या लग्नाचं साल काकूंनाच सांगावं लागतं.

खरेपणाच्या शोधात काकांनी पियानोंचा संग्रह केला आहे. चांगल्या ग्रँड पियानोची एकेक पट्टी हळू, मध्यम, जोरात अशी वाजवून तिचे आवाज साठवतात आणि तो सगळा ऐवज संगणकासाठी विकतात; असा एकेक ऐवज कित्येक गिगाबाइट जागा खातो. मैफिलीत वाजतो तो स्टाइनवेचा मॉडेल डी पावणेतीन मीटर लांब आणि ४८० किलो वजनाचा. काकांच्या दहा बाय दहाच्या खोलीत तसे चार आहेत. शिवाय जुन्या पियानोची गंमत यावी म्हणून एक मुद्दाम बेसूर ठेवलेला. “बेसूरच हवं होतं तर त्याला पैसे कशाला मोजायचे?” हा काकूंचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

पियानो आले, की लेटन्सी आली, म्हणजे पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर. बफर ५१२ सॅम्पलवर ठेवला, की ४४.१ किलोहर्ट्झच्या हिशेबाने एकट्या त्यातच सुमारे १२ मिलिसेकंद जातात आणि काका कळवळतात. ६४ वर आणला, तर संगणक धापा टाकतो आणि आवाज तडतडतो. ‘जेवायला चला’ या हाकेला काका स्वतः पाऊण तासाने ओ देतात. ही लेटन्सी कुठल्याच सेटिंगने कमी होत नाही.

मग इक्यू, म्हणजे आवाजातला खालचा-वरचा भाग कमीजास्त करणं. २५० हर्ट्झच्या आसपास आवाज गढूळ होतो, हे खरं आहे. काका तिथलं थोडं कापतात. मग पियानो किरकोळ वाटतो म्हणून खालचं वाढवतात, मग दबलेला वाटतो म्हणून वरचं वाढवतात, मग टोचतो म्हणून तेच कापतात. रात्री दोनला आलेख पुन्हा सपाट होतो आणि काका तृप्त होऊन म्हणतात, “आता बसला!”

पुढे रुंदी. खर्ज डाव्या कानात, तार सप्तक उजव्या कानात. हेडफोन लावला की आपण पियानोत मुंडी घालून बसलोय असं वाटतं. तोच ट्रॅक एका स्पीकरच्या डबीवर लावला, की डावं-उजवं एकमेकांना खातं आणि पियानो निम्मा गायब होतो. काका दोष डबीला देतात.

हा सगळा खटाटोप होता मुलीच्या लग्नातल्या मंगलाष्टकांसाठी. लग्न झालंही. गुरुजींनी मंगलाष्टकं माइकसुद्धा न घेता म्हटली आणि काकांचा पियानो त्या वेळी रिव्हर्बमध्ये, म्हणजे घुमाऱ्याच्या सेटिंगमध्ये, अडकला होता.

शेवटी काकूंनी आपल्या मामांना जेवायला बोलावलं. मामांचं आयुष्य मुंबईच्या जुन्या रेकॉर्डिंग स्टुडिओत गेलेलं. त्यांनी हेडफोनला हातही लावला नाही. नुसतं पडद्याकडे पाहिलं.

“जावईबापू, हात पेटीचा का हो तुमचा?”

“लहानपणी शिकलो थोडी.”

“दिसतंय.”

यूएसबीच्या वायरीतून जाणाऱ्या त्या खबरीची भाषा म्हणजे मिडी. तिच्यात पट्टी दाबण्याचा जोर १ ते १२७ अशा आकड्यांत उतरतो. काकांचे सगळे आकडे ११० च्या घरात. पेटीत जोर भात्याचा. पट्टी हळू दाबा नाहीतर आपटा, ती तेच बोलते. पियानोत पट्टीमागे हातोडी असते. ती सावकाश आली की आवाज नुसता लहान होत नाही, मऊही होतो. काकांनी विकत घेतलेले ते मऊ आवाज आजवर एकदाही वाजलेच नव्हते. “चार मजल्यांचं भाडं भरताय आणि राहताय गच्चीवर,” मामा म्हणाले.

मग पाय. सस्टेनच्या पेडलवर काकांनी ठेवलेला पाय गाणं संपेपर्यंत उठत नाही, त्यामुळे आधीची कॉर्ड पुढच्या कॉर्डच्या घरात मुक्कामाला. डावा हात खर्जात ट्रॅकमधल्या बेस गिटारशी भांडतोय. आणि प्रत्येक स्वर क्वांटाइझ करून रेघेवर बसवलेला. “माणसाने वाजवलंय हे कळू नये म्हणून एवढी मेहनत?” मामांनी विचारलं.

मामांनी चारही ग्रँड बंद करवले आणि संगणकाबरोबर फुकट आलेला साधा पियानो लावला. डाव्या हाताला दोनच स्वर, कॉर्ड बदलताना पाय वर, सूर उजव्या करंगळीवर आणि बाकीची बोटं हळू. काकांनी निमूटपणे वाजवलं. काकू झारा घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, “मामा, अजून हात तसाच आहे हो तुमचा!”

दुसऱ्या दिवशी काका उजळल्या चेहऱ्याने जिन्यात भेटले. “मामांनी बरोबर पकडलं. दोष पेडलचा होता! माझं पेडल नुसतं चालू-बंद होतं, अर्धं दाबताच येत नाही. नवीन मागवलंय.” त्याबरोबर जड पट्ट्यांचा नवा कीबोर्डही मागवला आहे, हे काकूंना सांगायचं नाही असं ठरलं.

मधल्या काळात मुलीला दिवस गेल्याची गोड बातमी आली. काकांनी मंगलाष्टकांची लय निम्म्यावर आणून त्यांचा पाळणा केला आहे. पियानो तोच, कारण त्यावर बरंच काम झालंय. तुमच्याकडे पुढेमागे मुंज व्हायची असेल आणि काकांचं संगीत हवं असेल, तर बारशालाच सांगून ठेवा.