बाई, चिमूट संपली!

विशेष मुलांच्या वर्गात माशांची टाकी ठेवायची, ही अक्कल माझी. मोजणी, रंग, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, सगळं एका काचेत शिकवून होईल, असं मुख्याध्यापिकांना पटवताना माझ्या जिभेला हाड नव्हतं.

दुकानदार म्हणाला, "बाई, आधी महिनाभर पाणी नुसतं फिरू द्या." माशांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. पण मला शिकवायची घाई! दुसऱ्याच दिवशी गोल्डफिश पाण्यात.

पहिला तास मोजणीचा. "किती मासे?" एकाने बराच वेळ बोट फिरवून निकाल दिला, "थांबत नाहीत." बुडबुड्यांच्या आवाजाने मन शांत होतं, असं मी ठासून सांगत होते, तर एका मुलीने दोन्ही कान घट्ट दाबून धरले. तिला पंपाची घरघर सोसेना. पंपाखाली फोमचा तुकडा सरकवला, तेव्हा कुठे तिचे हात खाली आले.

मग मी चित्रतक्ता लावला: दिवा, झाकण, एक चिमूट दाणे, झाकण, आणि खाली पाणी बदलायची बादली. आमच्या स्वमग्न पठ्ठ्याने तो शिरोधार्य मानला. मासे मात्र काचेशी येऊन तोंडं उघडत, आणि माझं मन द्रवे. मी हळूच बरणीकडे हात नेला की मागून हुकूम येई, "बाई, चिमूट संपली."

तपासणी जवळ आली आणि माझ्या अंगात स्वच्छता संचारली. शनिवारी सगळं पाणी ओतून टाकलं, स्पंज नळाखाली खसाखसा घासला. सोमवारी टाकीत दूधच दूध आणि मासे वर येऊन धापा टाकत होते. पठ्ठ्याने तक्त्यातली बादली दाखवली. चित्रात पाव टाकीवर रेघ होती, मीच काढलेली. "रेघेपर्यंत," तो म्हणाला. तपासणी अधिकारी हसले.

दुकानदाराने स्वतःच्या चालू टाकीतला मळका स्पंज दिला, म्हणून मासे तगले.

तुम्हीही वर्गात टाकी ठेवणार असाल, तर जरूर ठेवा. फक्त स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळा, आणि दाण्यांची बरणी मुलांच्या ताब्यात द्या. बाईंच्या हाती लागू देऊ नका.