शॉटकाका

शॉटकाकांना सिनेमाची गोष्ट विचारू नये. नायिका शेवटी जगली की मेली, हे त्यांना आठवत नाही. ती कोसळली तेव्हा कॅमेरा कुठे होता, हे मात्र ते हातवारे करून सांगतात.

बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये रसास्वादाचा महिनाभराचा अभ्यासक्रम केला. "तोवर हे बरे होते," असं काकू म्हणतात. इन्स्टिट्यूट उभी आहे ती जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, त्यामुळे काकांचं पहिलं दैवत म्हणजे प्रभातचे दिग्दर्शक व्ही. शांताराम. त्यांच्या 'अमृतमंथन'मध्ये (१९३४) राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा एकच डोळा टेलिफोटो लेन्सनं पडदाभर दाखवलाय. हे सांगताना काका स्वतःचाही एक डोळा वटारतात. समोरचं पोर रडलं की 'परिणाम साधला' म्हणतात.

शांतारामांच्याच 'कुंकू'त (१९३७) पार्श्वसंगीत नाही. दृश्यात जे वाजतं तेवढंच ऐकू येतं. हे कळल्यापासून घरातल्या मालिकांवर संकट आलं. "सासू तीनदा वळते, तीनदा ढॅण! कशाला? मागे कुकरची शिट्टी पुरे!"

"मग शिट्ट्या मोजा आणि गॅस तेवढा बंद करा," काकू टीव्हीवरची नजर न काढता सांगतात.

पुतणीच्या लग्नात त्यांनी व्हिडिओवाल्याला पकडलं. "मामांना खालून घे. लो अँगलनं माणूस भारदस्त दिसतो." त्या बिचाऱ्यानं घेतलं. मामांचं पोट आणि वर मांडवाचं झुंबर, एवढंच आलं. मामा उखडले, "अहो, माझा चेहरा कुठाय?" काका म्हणाले, "चेहरा गेला, पण सत्ता आली!" मामा जेवायला दुसऱ्या पंगतीला बसले.

थिएटरात मात्र काका खरोखर असह्य होतात. 'सैराट'च्या (२०१६) शेवटी नागराज मंजुळेंनी आवाजच काढून घेतलाय. रक्तात भिजलेली चिमुकली पावलं उमटत जातात आणि कानांना धरायला काहीच उरत नाही. सगळं थिएटर गारठलेलं. तेवढ्यात काकांची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचली: "बघितलंत? साउंड काढला!" दिग्दर्शकानं काढलेला आवाज काकांनी परत घातला होता.

तरी त्यांचं ऋण आहेच. 'कोर्ट'मध्ये चैतन्य ताम्हाणेचा कॅमेरा बराच वेळ जागचा हलत नाही. शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, दालनातले दिवे मालवतात, अंधार होतो. सिनेमा संपला समजून लोक चपला शोधू लागले. "बसा! अजून संपलं नाही," काका गरजले. पुढे सुट्टीवर गेलेले न्यायाधीश दिसतात, आणि खटला कुणासमोर चालला होता ते तिथे कळतं. काका नसते तर निम्मी रांग तेवढं हुकवून रिक्षा शोधत असती.

तेव्हा त्यांच्या शेजारची खुर्ची मिळाली तर सोडू नका. फक्त सिनेमा आधी एकदा पाहून जा.