पासष्ट डेसिबलचा सप्ताह

गावात ज्याचं अक्षर बरं त्याच्या नशिबी अर्ज. पीकविम्याचा, रोहित्र जळाल्याचा, पाणंद रस्ता अडवल्याचा, झाडून सगळे अर्ज आमच्या ओसरीवर जन्माला येतात. मास्तरकी संपली, पेन्शन सुरू झाली, पण ‘महोदय’ आणि ‘आपला विश्वासू’ काही सुटले नाहीत. त्यामुळे अखंड हरिनाम सप्ताहाच्या बैठकीत ‘यंदा भोंग्याची परवानगी काढावी लागते म्हणे’ असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा तालुक्यातलं आमचं गाव. सप्ताह जुना, कमिटी त्याहून जुनी. कमिटीचं म्हणणं अगदी साधं होतं. “गुरुजी, आवाज जरा वाढवून मागा,” तात्या म्हणाले. “शेजारच्या गावचा भोंगा आपल्या शिवारात ऐकू येतो. आपला निदान त्यांच्या वेशीपर्यंत तरी जायला पाहिजे का नाही?” प्रश्न भक्तीचा होता, पण त्याहून जास्त वेशीचा होता. महावितरणकडे पैसे भरले की जसा वाढीव भार मंजूर होतो, तसा ठाण्यात अर्ज टाकला की वाढीव आवाज मंजूर होतो, अशी सगळ्यांची पक्की समजूत. एका उत्साही पोरानं तर सातही दिवसांचं एकदम मागायला सांगितलं. ठोक भावात स्वस्त पडेल म्हणून.

अर्जाआधी नियम वाचायचे, ही माझी जुनी खोड. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मी चष्मा पुसून वाचून काढले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. बाजारपेठेत ६५ आणि ५५. कारखान्यांच्या भागात ७५ आणि ७०. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. या नियमांतला दिवस सकाळी सहाला उगवतो आणि रात्री दहाला मावळतो. पंचांगाशी त्याचं काही देणंघेणं नाही. लेखी परवानगीशिवाय भोंगा लावायचा नाही. आणि परवानगी मिळाली तरी सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज तिथल्या मर्यादेहून १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी भरेल त्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. म्हणजे आमच्या मांडवाच्या कडेला दिवसा ६५. सवलत म्हणाल तर एवढीच, आणि ती सगळ्यांना सारखी. अर्जातलं अक्षर कितीही वळणदार असलं तरी त्यात एका डेसिबलची भर पडत नाही.

सण-उत्सवांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत भोंगा चालू ठेवायची मुभा राज्य सरकार देऊ शकतं. ही सोय २००२ साली नियमांत आली. पण ते दिवस शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणपती, नवरात्र, ३१ डिसेंबर अशा बड्या पाहुण्यांना वाटून झालेले असतात. गावच्या सप्ताहाचं पान त्या पंगतीत मांडलेलं नाही. शिवाय त्या दिवशीही वेळ वाढते, आवाज वाढत नाही.

हे मी कमिटीला समजावून सांगितलं. “पासष्ट म्हंजी किती?” तात्यांनी विचारलं. आता आली का पंचाईत! दोन माणसं समोरासमोर बसून साधं बोलली तरी आवाज साठाच्या घरात जातो. आमच्याकडे तर समोरासमोर बोलायची पद्धतच नाही. एक जण विहिरीवर, दुसरा बांधावर, आणि विषय सोयाबीनच्या भावाचा. भोंगा लागायच्या आधीच आमचा पार बेकायदेशीर ठरतो. मंदिराला लागून जिल्हा परिषदेची शाळा आहे. शाळा, दवाखाने आणि न्यायालयांभोवती शांतता क्षेत्र करायची तरतूद नियमांत आहे. ज्यानं ती लिहिली, त्यानं मधल्या सुट्टीत शाळेजवळून कधी चक्कर मारलेली दिसत नाही.

“मग फक्त धा मागा की वाढवून. पंच्याहत्तर करा,” तात्यांनी तडजोड सुचवली. मी खडू शोधला. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नसतो. १० वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, २० वाढले की शंभरपट. तात्या बिचारे दहाच मागत होते, पण त्यात दहा गावांचे भोंगे येत होते. हे ऐकून ते नाराज होतील असं मला वाटलं. उलट त्यांचा चेहरा खुलला.

खरी अडचण घड्याळाची होती. सप्ताहात काकडा पहाटे चारला. मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथाभजन, संध्याकाळी हरिपाठ आणि रात्री नऊ ते अकरा कीर्तन. पुढे जागर. नियमांच्या घड्याळात बसवून पाहिलं तर पारायण, गाथाभजन आणि हरिपाठ तेवढे कायद्याच्या उजेडात येत होते. काकडा अख्खा रात्रीत, आणि कीर्तन ऐन रंगात आलं की भोंगा बंद. महाराजांनी पूर्वरंग संपवून दृष्टांत उचलावा आणि विनोद अर्ध्यावर राहावा, असा तो मुहूर्त.

तरी अर्ज लिहिला. कोर्ट फी स्टॅम्प, ग्रामपंचायतीचं ना-हरकत, कमिटीच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स (सगळ्यांचे फोटो नुकतंच काहीतरी हरवल्यासारखे), मंडपवाल्याचं नाव, साऊंडवाल्याचं नाव, असं सगळं बाड घेऊन तात्या आणि मी ठाण्यात गेलो. तिथल्या अंमलदारानं दार दाखवलं. दारावर पाटी होती : गोपनीय शाखा. साऱ्या पंचक्रोशीला ऐकू जावा म्हणून जो भोंगा लावायचा, त्याची परवानगी गोपनीय शाखेत. तात्या दारातच थबकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “गुरुजी, हळू बोला.” त्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा ४० डेसिबलच्या आत बोलताना ऐकलं.

आतले जमादार सज्जन होते. अर्ज वाचून त्यांनी एक छापील हमीपत्र पुढे सरकवलं. मर्यादेचं पालन करीन, दहाला बंद करीन, कुणाला त्रास झाल्यास जबाबदारी माझी, अशी कलमं एकाखाली एक. आम्ही आवाज मागायला गेलो होतो. आवाज न करण्याची शपथ घेऊन सही ठोकली. परवानगीचा कागद म्हणतात तो हाच.

“साहेब, कीर्तन दहाच्या आत कसं उरकंल?” तात्यांनी कळवळून विचारलं. “मंडळी धारा काढून, जेवून येतात. नऊशिवाय मांडव भरत नाही.”

जमादार हसले. “तात्या, नामदेव महाराजांकडं कुठं माईक होता? तरी ऐकलंच ना लोकांनी!”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. नर्सी नामदेव आमच्याच जिल्ह्यातलं, आणि औंढ्याची कथा तर आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालेली. नामदेव महाराज नागनाथासमोर कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांना त्या गलबल्याचा त्रास झाला, त्यांनी महाराजांना देवळामागे जायला सांगितलं. महाराज गेले, आणि कथा सांगते की देऊळच फिरलं. नंदी आजही मागच्या बाजूला आहे, तो दाखवून लोक ही गोष्ट सांगतात. जिल्ह्यातली आवाजाची पहिली तक्रार बहुधा हीच असावी. निकाल तक्रारदाराच्या विरोधात गेला, तोही जागेवरच. पण ती सवलत मिळाली कीर्तनकाराला, मंडपवाल्याला नव्हे, हे मी तात्यांना परतीच्या वाटेवर सांगत होतो.

वाटेत शांततेचा आणखी एक विषय निघाला. आमच्याच तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. १७ फेब्रुवारी २०१६ ला तिला तत्त्वतः मान्यता मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींची मंजुरी. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाहूनही बारीक हालचाल टिपायची ताकद. अशाच अमेरिकेतल्या वेधशाळांनी २०१५ साली पहिली गुरुत्वीय लहर पकडली; सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली होती, त्याची ती चाहूल. हे यंत्र इतकं हळवं की त्यांतल्याच हॅनफर्डच्या वेधशाळेत कसली तरी गूढ खडखड नोंदली जाऊ लागली, तेव्हा शोधाअंती निघाले डोमकावळे. थंडगार नळावर जमलेला बर्फ ते चोचीनं टोचत होते. अशा यंत्राला स्थिर, निवांत जमीन लागते, म्हणून तर शास्त्रज्ञांची नजर आमच्याकडे वळली. हिंगोली जिल्ह्याला उद्योग मिळाला तो शांततेचा, हे मी मोठ्या अभिमानानं सांगितलं.

तात्या बराच वेळ विचारात पडले. मग म्हणाले, “म्हंजी आपला भोंगा त्या यंत्रात वाजंल?”

“तात्या, वाजू नये म्हणून तर...”

“आन् तिथून अमेरिकेत ऐकू जाईल?”

शेजारच्या गावाची वेस त्या क्षणी त्यांच्या मनातून उतरली.

घरी येईपर्यंत त्यांना आणखी एक मुद्दा सुचला. “गुरुजी, जमिनीला कोण परवानगी देतं?” हा मात्र बिनतोड होता. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेकडे आणि आसपासच्या गावांत गेली काही वर्षं जमिनीच्या पोटातून गुरगुर ऐकू येते. भांडी हलतात, माणसं घराबाहेर धावतात. २१ मार्च २०२४ ला ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, १० जुलैला पुन्हा तेवढाच. मी नोंदी पाहिल्या. पहिला सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी, दुसरा सव्वासातच्या सुमाराला. म्हणजे मोठा आवाज करायची वेळ आली तेव्हा धरणीमातेनंही सहा वाजून जायची वाट पाहिली. तात्या म्हणाले, “ती माय हाय. तिला नियम ठाऊक असणारच.”

शेवटी कमिटीनं तोडगा काढला. काकडा चारलाच, पण माईकशिवाय. टाळ, मृदंग आणि गळे. कीर्तन साडेसातला. महाराजांना फोन केला. ते म्हणाले, “दहाला थांबायचं तर थांबू. पण आभाराची भाषणं कोण थांबवणार?” प्रश्न रास्त होता. आभार आणि देणगीदारांची यादी कीर्तनाआधी आणली, त्यामुळे ती प्रथमच कुणी ऐकली नाही. साऊंडवाल्याला चार भोंग्यांऐवजी दोन पेट्या लावायला सांगितलं, त्यांची तोंडं मांडवाच्या आत. तो दुखावला. “एवढ्या कमी आवाजावर मशीन गरम होतं,” म्हणाला. पेट्यांना आयुष्यात पहिल्यांदाच विश्रांती मिळाली असेल, म्हणून ताप आला असावा.

पहिल्या पहाटे मी काकड्याला गेलो, तर देऊळ भरलेलं. एरवी निम्मं गाव गोधडीत पडल्या पडल्या काकडा करायचं. भोंगा पुण्य घरपोच आणून द्यायचा. यंदा ऐकायचं तर उठून यावं लागलं. बायाबापड्या आल्या, पोरं आली, आणि एकजण तर ‘यंदा काकडा बंद पडला का’ ते बघायला आला आणि टाळ घेऊन बसला. रात्री महाराजांनी घड्याळ बघून पावणेदहाला बोलणं आवरलं. विठ्ठलनामाचा गजर मात्र माईक बंद झाल्यावरच खरा उठला. त्याला कुणाची हरकत आली नाही, नियमांचीही नाही, कारण तो कुणाच्या उशाशी नेऊन बसवलेला नव्हता.

यंदा एकही तक्रार झाली नाही. तक्रारदाराचं नाव उघड करू नका, असं मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलं आहे. गावात त्याचा फारसा उपयोग नाही. तक्रार कुणाची हे पंगतीला कोण आलं नाही त्यावरून कळतं. म्हणून तर शेजारी वर्षानुवर्षं कानात बोळे घालून पंगतीला बसतात. कुणी ओरडत नाही याचा अर्थ सगळ्यांना आवडतंय असा कमिट्या घेतात, आणि भोंगे दोनाचे चार होतात.

तेव्हा तुमच्याकडे यंदा लग्न असो, जयंती असो की सप्ताह, परवानगी जरूर काढा. फक्त ती जास्त आवाजाची असते, या भ्रमात ठाण्याची पायरी चढू नका. तसला कागद या देशात कुठल्याच शाखेत, गोपनीयसुद्धा, मिळत नाही. आणि भोंग्याची तोंडं मांडवाकडे वळवा. ज्याला ऐकायचं आहे तो चालत येईल; ज्याला यायचं नाही, त्याला झोपू द्या.